हैदराबादचे विमान आणि नागमोडी रेघ

या त्रैमासिकाच्या पानांवर ग्रंथांची समीक्षा येते, क्वचित एखाद्या नाटकाची किंवा चित्रप्रदर्शनाचीही येते. संग्रहालयात उभ्या असलेल्या जुन्या लढाऊ विमानाची समीक्षा येत नाही. ती येण्यास हरकत नसावी, असे आम्हांस वाटते. जुने विमान हाही एक पाठच आहे. तो एका काळी, एका हेतूने सिद्ध झालेला असतो. पुढे तो जीर्ण होतो, त्याची पाने गहाळ होतात, नंतरच्या हातांनी त्यात भर घातलेली असते. आणि अखेरीस कोणी तरी संपादक त्याची एक प्रत निश्चित करून ती लोकांपुढे मांडतो. ग्रंथाच्या संपादकास आपण जे प्रश्न विचारतो, तेच विमानाच्या संपादकासही विचारता येतात. मूळ कोणते, भरीचे कोणते, काय गाळले, आणि ते वाचकास सांगितले की नाही? शिवाय ज्या विमानाविषयी येथे मुख्यतः लिहावयाचे आहे, त्याच्या अंगावर आपल्या शहराचे नाव लिहिलेले आहे. तेव्हा हैदराबादच्या मराठी वाचकाचा त्याच्याशी थोडाफार ऋणानुबंध आहेच.

हे विमान लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहातील होय. हेंडन येथे २००९ साली आम्ही ते पाहिले. डीएच ९ए या जातीचे, दोन आसनांचे, दुहेरी पंखांचे हे बाँबफेकी विमान, क्रमांक एफ १०१०. येओव्हिल येथील वेस्टलँड कारखान्यात ते १९१८ च्या उन्हाळ्यात तयार झाले. त्याला अमेरिकन बनावटीचे चारशे अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन बसविले होते. त्याच्या अंगावर इंग्रजीत जो मजकूर आहे त्याचा आशय असा, की हे विमान निजाम ऑफ हैदराबाद यांजकडून भेटीदाखल मिळाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला जी पहिली विमाने मिळाली, ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून. म्हणूनच त्या तुकडीस ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ असे नाव पडले, आणि पुढे तिच्या बोधचिन्हात वाघ आला. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीतील कायझर्सलाउटर्न व पिर्माझेन्स या गावांवर हल्ला करण्यासाठी निघालेले हे विमान परतले नाही. ते शत्रूच्या मुलखात उतरले, त्यातील दोघे अधिकारी युद्धकैदी झाले, आणि विमान जर्मनांच्या हाती लागले. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांत युद्ध संपले.

येथून पुढची कथा एखाद्या हस्तलिखिताच्या प्रवासासारखी आहे. जिंकलेली वस्तू म्हणून हे विमान बर्लिनच्या विमान-संग्रहालयात ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागले तेव्हा त्या संग्रहातील काही विमाने पूर्वेकडे, पोलंडच्या भूमीवर हलविली गेली. युद्धानंतर ती तेथेच राहिली आणि क्राकूव्हच्या संग्रहालयात विसावली. १९७७ साली ब्रिटिशांनी त्या संग्रहालयास एक स्पिटफायर विमान देऊन त्याच्या बदल्यात हे हैदराबादचे विमान परत मिळविले, आणि त्यानंतर त्याची पुनर्बांधणी झाली. दख्खनचा पैसा, इंग्लंडचे लाकूड, अमेरिकेचे इंजिन, जर्मनीचा बंदिवास, पोलंडचा आश्रय आणि पुन्हा इंग्लंड, असा हा साठ वर्षांचा फेरा आहे.

विमान पाहताना प्रथम मन भारावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ताणून बसविलेले कापड, पंखांमधील लाकडी खांब, तारांचे जाळे, उघड्यावर बसणाऱ्या वैमानिकाची अरुंद जागा. इतक्या नाजूक वाहनातून माणसे युद्धास जात होती यावर विश्वास बसत नाही. पण भारावलेपण ओसरल्यावर समीक्षकाचा प्रश्न उरतोच. लाकडाच्या सांगाड्यावर कापड चढवून केलेल्या विमानाचे कापड साठ वर्षे टिकत नाही. लाकूड किडते, तारा गंजतात, रंग उडतो. म्हणजे आपल्यापुढे जे उभे आहे त्यातले काही १९१८ चे आहे आणि काही पुनर्बांधणीच्या वेळचे. निजामांच्या नावाची जी अक्षरे आपण वाचतो, ती मूळ रंगाची की जुन्या छायाचित्रावरून नंतर रेखाटलेली, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कारागिरांनी काम इतके बेमालूम केलेले असते की जुने आणि नवे एकजीव होऊन जातात. कारागिराच्या दृष्टीने हा गुण आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने मात्र तोच दोष ठरतो.

आपल्याकडे या बाबतीत एक उत्तम आदर्श आहे, आणि तो पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले, १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्यास शास्त्रीय शिस्त लावली, आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळून पाहिली गेली. या आवृत्तीचे आम्हांस सर्वांत मोठे वाटणारे वैशिष्ट्य अगदी साधे आहे. जेथे पाठ निश्चित करता आला तेथे तो सरळ छापला. जेथे संपादकास खात्री वाटली नाही तेथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ दिली. जे प्रक्षिप्त वाटले ते फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. ती नागमोडी रेघ म्हणजे संपादकाने वाचकास दिलेला शब्द आहे, की येथवर मला कळले, येथून पुढे माझा अंदाज आहे. आणि योगायोग असा, की याच निजामांनी १९३२ साली या आवृत्तीसाठी दरसाल एक हजार रुपये, अकरा वर्षेपर्यंत, असे अनुदान मंजूर केले आणि संस्थेच्या अतिथिगृहासही साहाय्य दिले. ते अतिथिगृह आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. एकाच खजिन्यातून युद्धाचे विमानही निघाले आणि नागमोडी रेघही निघाली. पहिल्या देणगीस दुसरीचा नियम लावून पाहावा, एवढीच आमची सूचना आहे.

विमानांच्या बाबतीत ही रेघ कशी द्यावी, असे कोणी विचारील. मार्ग अवघड नाही. नव्याने घातलेला भाग किंचित निराळ्या छटेत ठेवता येतो. एका बाजूचे कापड उघडे ठेवून आतला मूळ सांगाडा दाखविता येतो. निदान शेजारच्या फलकावर विमानाची आकृती काढून मूळ भाग एका रंगात व नवा भाग दुसऱ्या रंगात दर्शविता येतो. या लंडनच्या संग्रहालयाने आपल्या विमानांच्या सविस्तर जन्मकुंडल्या लिहून ठेवल्या आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. जिज्ञासूला त्या वाचावयास मिळतात. परंतु कुंडली दप्तरात आणि मूर्ती गाभाऱ्यात अशी स्थिती असली की सामान्य प्रेक्षक मूर्तीलाच नमस्कार करून परततो.

आपल्या भाषेत जुन्या वास्तूच्या दुरुस्तीस ‘जीर्णोद्धार’ असा सुंदर शब्द आहे, पण त्याचा अर्थ नीट तपासला पाहिजे. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे पूजा खंडित होऊ नये यासाठी केलेली डागडुजी. तेथे दगडावर तैलरंग चढला तरी भाविकाचे काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे शेंदराची पुटे चढून मूर्तीचा मूळ आकार दिसेनासा होतो. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीवरील शेंदराचा जाड लेप काढण्यात आला तेव्हा आतले रूप पाहून कित्येक भाविक चकित झाले. संग्रहालयात मात्र पूजा चालू ठेवावयाची नसते, साक्ष टिकवावयाची असते. तेथे रंगाचा प्रत्येक नवा थर हा शेंदूरच.

रंगाचा हा थर किती अर्थ झाकू शकतो, याचे उदाहरण त्याच हेंडनच्या संग्रहातील टेम्पेस्ट या लढाऊ विमानात मिळते. पीआर ५३६ क्रमांकाचे हे विमान ब्रिटनमध्ये तयार झाले, पण पुढे भारतीय हवाई दलात दाखल झाले. भारतातूनच त्याचे अवशेष ब्रिटनला गेले आणि तेथे ते पुन्हा उभे केले गेले. आज त्यावर ब्रिटिश स्क्वाड्रनचे रंग व अक्षरे आहेत. विमानाच्या आयुष्यात अनेक थर असतात. त्यांतील एक निवडल्याखेरीज रंग देता येत नाही, ही संपादकाची अडचण आम्ही जाणतो. पण निवड ही निवड आहे असे सांगितले नाही, तर वाचलेला एक पाठ हाच सर्व पाठ आहे असा समज होतो. भारतातले त्याचे आयुष्य येथे तळटीपेत गेले.

टेम्पेस्टचे नाव हैदराबादच्या मराठी कुटुंबांना अपरिचित नसावे. दिल्लीच्या पालम येथे १९६७ पासून असलेल्या भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयातही एक टेम्पेस्ट आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईत भारतीय सैन्यास साहाय्य करण्यासाठी या जातीची विमाने हैदराबाद संस्थानच्या आकाशात होती. त्याआधी काही महिने याच आकाशातून रात्री-बेरात्री दुसरी विमाने येत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून संस्थानासाठी शस्त्रास्त्रे आणीत होता. लँकास्ट्रियन म्हणजे लँकास्टर या बाँबफेकी विमानाचे मुलकी रूप. तीस वर्षांपूर्वी ज्या राजवटीने साम्राज्यास विमाने भेट दिली, तिलाच आता चोरट्या विमानांची वाट पाहावी लागत होती, आणि तिच्यावरून फिरणारी टेम्पेस्ट विमाने साम्राज्याच्या वारशातूनच स्वतंत्र भारताकडे आलेली होती.

पालमला आम्ही दोनदा गेलो. तेथे वापिटी या जातीचे एक जुने दुहेरी पंखांचे विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. हे विमान वेस्टलँड कारखान्याचेच, आणि डीएच ९एची जागा घेण्यासाठी, त्याचेच पुष्कळसे भाग वापरून रचलेले. म्हणजे निजामांच्या भेटीचे विमान आणि आपल्या हवाई दलाचे आद्य विमान यांचे नाते थेट वंशाचे आहे. हे दोन पाठ हजारो मैलांच्या अंतरावर उभे आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचे काम प्रेक्षकाने स्वतःच करावयाचे असते.

भारतीय हातांना जुनी विमाने पुन्हा उडती करण्याची विद्या नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी कानपूरला सोडलेली लिबरेटर ही चार इंजिनांची प्रचंड विमाने जाणूनबुजून निकामी केली होती. बेंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी त्या भंगारातून १९४८ पासून सुमारे चाळीस विमाने पुन्हा उड्डाणक्षम केली. कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बेंगळूरला उडवीत नेली. आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, आणि नंतर त्यांतील एक १९७४ साली ब्रिटनच्या याच संग्रहालयास भेट दिले. ज्यांनी मोडून टाकले त्यांनाच, दुरुस्त करून, परत! १९१८ च्या भेटीहून ही भेट आम्हांस अधिक मोलाची वाटते. तिच्यात कारागिरांचा घाम आहे आणि तो कोणाच्या नावावर चढविलेला नाही.

अलीकडचे उदाहरण डाकोटाचे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला पोहोचलेल्या डाकोटाचा क्रमांक व्हीपी ९०५. २०१८ साली राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये पुनर्बांधणी करवून घेतलेले एक डाकोटा विमान हवाई दलास भेट दिले. त्याचे नाव ‘परशुराम’, आणि त्यावर क्रमांक घातला तो व्हीपी ९०५. हे विमान १९४७ चे ते विमान नव्हे. त्याच जातीचे दुसरे आहे. आदरांजली म्हणून यात गैर काही नाही. परशुराम आकाशात उडताना पाहणे हा आनंद आहे, आणि वैमानिक पित्याच्या स्मरणार्थ मुलाने केलेले हे काम कृतज्ञतेस पात्र आहे. पण पन्नास वर्षांनी एखादा मुलगा त्यालाच मूळ विमान समजून चालला, तर दोष त्याचा नसेल. क्रमांकाखाली आज एक नागमोडी रेघ हवी.

आता पुन्हा हैदराबादच्या विमानाकडे वळू. कारण त्याच्या अंगावरील मजकुराची चिकित्सा अजून व्हावयाची आहे. ‘निजामांकडून भेट’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. आमची नोकरी शासकीय टिपणे लिहिण्यात गेली. मंजुरीखाली सही एकाची असते आणि रक्कम दुसऱ्याच्या खिशातून येते, हे आम्हांस ठाऊक आहे. १९१८ च्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. तेलुगू व कानडी जिल्हे वेगळेच. संस्थानच्या उत्पन्नाचा मोठा आधार जमीनमहसूल. त्याच वर्षी पावसाने दख्खनला दगा दिला, आणि एफ १०१० जर्मनीच्या आकाशात होते त्याच दिवसांत इन्फ्लुएंझाची साथ देशभर गावेच्या गावे ओस पाडीत होती. विमानाच्या अंगावर या कोणाचे नाव नाही. असण्याची अपेक्षाही नाही. पण पाठाचे अर्थनिर्णयन करताना लेखकाच्या सहीवर थांबून चालत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १९१८ साली, त्याच खजिन्यातून, उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला. आमच्यासारख्या अनेक मराठी घरांतील मुलगे तेथे शिकले, संस्थानच्या नोकरीत शिरले, आणि त्या नोकरीवर घरे उभी राहिली. दुसऱ्या अनेक घरांतील मुलगे स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे जाऊन तुरुंगात बसले. काही घरांत तर एक भाऊ कचेरीत आणि दुसरा तुरुंगात. दुसऱ्या महायुद्धातही १५२ व २५३ या दोन स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ च्या बोधचिन्हात निजामांचे शिरोभूषण होते आणि ब्रीदवाक्य होते ‘विश्वासू मित्र’, म्हणजे निजामांची ब्रिटिशांनी दिलेली पदवीच. हैदराबाद हे नाव त्या विमानावर वाचताना आपल्या शहराचा अभिमान वाटावा की त्या ‘विश्वासू’ या शब्दाने मन खट्टू व्हावे? आमच्या मते दोन्ही व्हावे. यांपैकी एकच भावना ज्याला होते, त्याने अर्धाच पाठ वाचला.

१९४८ च्या आकाशाविषयीही हेच. रझाकारांच्या छळाने पोळलेल्या घरांना ती टेम्पेस्ट विमाने मुक्तीची वाटली. त्यांचे वाटणे खरे होते. कारवाईनंतर मराठवाड्यात व अन्यत्र निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले ते केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले. तेही खरेच होते. १७ सप्टेंबर या एकाच तारखेला आज महाराष्ट्रात एक नाव आहे, तेलंगणात सरकारांगणिक दुसरी नावे आहेत. हे पाठभेद आहेत. चिकित्सक आवृत्तीत पाठभेद लपवीत नाहीत, छापतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. संग्रहालयात मुले येतात, सहली येतात. त्यांना विमान पाहावयाचे असते, महसुलाचा इतिहास ऐकावयाचा नसतो. इतके सर्व फलकांवर लिहिले तर विमान दिसणार कसे? आम्ही मान्य करतो की फलक म्हणजे ग्रंथ नव्हे. परंतु विमानांच्या फलकांची आजची रूढ भाषा पाहा: इंजिनाची शक्ती, ताशी वेग, पंखांची लांबी, किती बाँब वाहून नेई. ते बाँब कोणाच्या पैशाने आणि कोणावर पडले, हे सांगण्यास आणखी दोन ओळी पुरतात. वेग वाचून मूल विसरते. आपल्या गावाचे नाव एका विमानावर कसे गेले, हे ते विसरत नाही.

हैदराबादला विमानविद्येचा वारसा कमी नाही. बेगमपेठचा विमानतळ निजामी काळातला. २००८ साली शमशाबादला नवा विमानतळ सुरू झाल्यावर तेथील नेहमीची प्रवासी वाहतूक थांबली. १९४५ च्या सुमारास सुरू झालेली डेक्कन एअरवेज १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात विलीन झाली. दुंडिगलला हवाई दलाची प्रबोधिनी आहे. अशा शहरात एफ १०१० ची एक मोठी, स्वच्छ छायाचित्रप्रत आणि तिच्याशेजारी पाच मराठी जिल्ह्यांसह संस्थानचा १९१८ चा नकाशा लावणे, ही फार मोठी मागणी नव्हे. मूळ विमान लंडनने परत करावे असे आम्ही म्हणत नाही. ते बांधले इंग्लंडात, बदल्यात मिळविले इंग्लंडने, सांभाळले त्यांनीच. आपल्याकडे त्याची तळटीप असावी, इतकेच.

आणि तळटीपेचे साहित्य अद्याप आपल्याच घरांत आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये ज्यांनी सुलतान बाजारच्या, गौळीगुड्याच्या, काचीगुड्याच्या गच्च्यांवरून आकाशाकडे पाहिले, ती पिढी आता नव्वदीच्या आसपास आहे. त्यांनी विमान पाहिले की नुसता आवाज ऐकला, भीती वाटली की हायसे वाटले, शेजारच्या मुसलमान घराशी त्या संध्याकाळी काय बोलणे झाले, हे त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे. आठवण अंधुक असेल तेथे तसे नमूद करावे. दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात. संस्थेने या कामासाठी एक वही उघडावी. तिची पहिली काही पाने येत्या सप्टेंबरपूर्वी भरता येतील.